क्यूब रजिस्टरपासून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा: अभियांत्रिकी महाविद्यालयात नव्याने लागलेल्या एका प्राध्यापिकेला सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला 'व्यावसायिक नीतिमत्ता आणि सामाजिक जबाबदारी' हा दोन क्रेडिटचा विषय दिला आहे. मागच्या बाकांवरची मुलं मोबाईलमध्ये असतात, पुढच्या बाकांवरची दुसऱ्या विषयाचं सबमिशन पूर्ण करत असतात. हा विषय शिकवून येतो का, आणि येत असेल तर वर्गात नेमकं करायचं काय, असं त्या विचारतात.

मॅडम, माणूस प्रामाणिक होणं हे वर्गात घडत नाही, ते घरी आणि आधीच्या वीस वर्षांत बरंचसं ठरून गेलेलं असतं. पण या व्यवसायात लबाडी कुठल्या टप्प्यावर शिरते, ती कागदावर कशी दिसते, आणि ती न करता काम पुढे नेण्याचा वैध रस्ता कोणता, हे नक्की शिकवता येतं. साईटवर आणि डिझाईन ऑफिसात बरीच वर्षं काढून मी शिकवायला आलो. मुळात बदमाश असलेले इंजिनिअर मी मोजकेच पाहिले. नाकासमोर चालणारे, घरी देवधर्म करणारे आणि तरीही खोट्या रजिस्टरवर सही करणारे मात्र पुष्कळ पाहिले. तुमचं काम या दुसऱ्या गटासाठी आहे.

म्हणून पहिलं युनिट बाजूला ठेवा. कर्तव्यवाद, उपयुक्ततावाद यांच्या व्याख्या मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतील, त्यांची काळजी नको. पहिल्या तासाला वर्गात क्यूब रजिस्टर घेऊन जा, म्हणजे ओतलेल्या काँक्रीटचे ठोकळे (क्यूब) मशीनवर फोडून आलेली ताकद जिथे नोंदवतात ती वही.

एखाद्या ओळखीच्या साईटवरून दोन-तीन पानांच्या झेरॉक्स मागून घ्या, नावं काळ्या शाईने पुसून टाका. जमलं नाही तर स्वतः बनवा. एका पानावर खरे आकडे घाला. एम-२५ काँक्रीट (२८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकद अपेक्षित), २८ दिवसांचे तीन क्यूब, मशीनवर भार ६४०, ५८५ आणि ६९० किलोन्यूटन. दीडशे मिलिमीटरच्या क्यूबचं क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर, म्हणजे ताकद २८.४, २६.० आणि ३०.७. सरासरी २८.४ च्या आसपास. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय संहितेप्रमाणे एका नमुन्यातल्या क्यूबमध्ये सरासरीपासून १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यामुळे हा नमुना बसतो. दुसऱ्या पानावर २८.४, २८.६, २८.५ असे आकडे घाला आणि खाली पानभर तसंच चालू ठेवा. मुलांना एवढंच विचारा, की यातलं कुठलं पान तुम्हाला जास्त आवडलं?

बहुतेक जण दुसरं पान निवडतील, कारण ते नीटनेटकं आहे. मग कामाला लावा. काँक्रीट हा पदार्थ इतका शहाणा नसतो, तीन क्यूब इतके जुळे निघत नाहीत, हे त्यांच्याकडूनच येऊ द्या. तारखा तपासायला सांगा: २८ वा दिवस रविवारी येतो का, त्या दिवशी लॅब उघडी होती का? महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसतात का? स्लॅब ४२ घनमीटरचा असेल तर संहितेप्रमाणे किमान चार नमुने हवेत, म्हणजे २८ दिवसांच्या चाचणीसाठी बारा क्यूब. रजिस्टरमध्ये तीनच का? ओतकाम सकाळी सुरू होऊन रात्री संपलं असेल तर ते तीन क्यूब कुठल्या गाडीतले? हे सगळं त्यांनी काँक्रीट टेक्नॉलॉजीत शिकलेलं असतं, पण गुन्हा शोधायला वापरलेलं नसतं. या तासाला मोबाईल आपोआप बाजूला पडतात.

त्यानंतर पानाच्या तळाशी बोट ठेवा. तिथे तीन सह्या असतात: कंत्राटदाराच्या माणसाची, ज्युनिअर इंजिनिअरची, डेप्युटी साहेबांची (उपअभियंत्याची). वर्गातली अर्धी मुलं दोन-तीन वर्षांत यातल्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या जागेवर असतील. तुमची सही इथे आहे, तर तुम्ही नेमकं काय पाहिलंत म्हणून केलीत, असं एकेकाला उभं करून विचारा. "सर, वरून सांगितलं होतं" हे उत्तर येईल. येऊ द्या. त्याची थट्टा करू नका, ते उत्तर खरं आहे.

आणि इथेच बहुतेक शिक्षक उपदेशाकडे वळतात. तसं करू नका. त्याऐवजी विचारा, की क्यूब खरोखर फेल झाला तर काय करायचं? फार थोड्यांना माहीत असतं. क्यूब फेल म्हणजे स्लॅब तोडायचा, बिल अडकलं, नोकरी गेली, अशी सगळ्यांची समजूत. प्रत्यक्षात संहितेत पुढचे टप्पे दिलेत. त्या भागातून कोअर, म्हणजे काँक्रीटचे दंडगोल तुकडे, कापून काढायचे. कोअरची सरासरी ताकद अपेक्षित क्यूब ताकदीच्या ८५ टक्के आणि कुठलाही एक कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नसेल, तर काँक्रीट स्वीकारता येतं. तरी शंका राहिली तर लोड टेस्ट: पूर्ण मृतभार (बांधकामाचं स्वतःचं वजन) अधिक अपेक्षित चलभाराच्या (माणसं, सामान) सव्वापट भार, २४ तास ठेवून खाली झुकलेलं किती आणि भार काढल्यावर परत किती आलं ते मोजायचं. म्हणजे खरा, वाईट आकडा लिहिल्याने आभाळ कोसळत नाही, एक प्रक्रिया सुरू होते. ती प्रक्रिया ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात पेन आणि रबर एवढंच उरतं. माझ्या मते साईटवरची निम्मी लबाडी लोभातून येत नाही, भीती आणि अज्ञान यांच्यातून येते. नीतिमत्तेचा तास तांत्रिक विषयाच्या पोटात घ्यावा असं मी म्हणतो, त्याचं कारण हेच.

याउलट आपल्याकडे हा विषय गोष्टींवर चालतो. विश्वेश्वरय्यांच्या दोन मेणबत्त्यांची गोष्ट तुम्हीही ऐकली असेल: सरकारी कामाला सरकारी मेणबत्ती, खासगी पत्राला स्वतःची. ती खरी की भक्तांनी रचलेली, हा वाद राहू द्या. अडचण वेगळीच आहे. आजच्या पोराला मेणबत्तीचा प्रश्न आयुष्यात पडणार नाही. त्याला प्रश्न पडेल तो असा: शटरिंग लावून झालंय, सळईला कव्हर ब्लॉक (सळई आणि साचा यांच्यात अंतर राखणारे ठोकळे) लावलेत की नाही हे पाहायला वर चढलो तर मुकादम हसेल, आणि आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या खाली उभ्या आहेत. विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले आणि खडकवासल्याला १९०३ मध्ये त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले, हे सांगणं जास्त उपयोगी. पाणी वाढलं की दरवाजा आपला आपण उघडतो, कुणी जागं असण्यावर किंवा कुणाच्या हुकमावर अवलंबून राहत नाही. जबाबदारी डिझाईनमध्ये घालता येते, हे त्यातून दिसतं.

दुसरं नाव सत्येंद्र दुबेंचं. आयआयटी कानपूरचा सिव्हिल इंजिनिअर, सुवर्ण चतुष्कोनाच्या कामातली गडबड त्याने २००२ मध्ये थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवली, नाव गुप्त ठेवा असं लिहून. पत्र नावासकट फायलींमधून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याचा खून झाला. हे सांगायलाच हवं. पण फक्त एवढंच सांगून तास संपवला तर मुलं जे शिकतात ते असं, की प्रामाणिकपणा म्हणजे हौतात्म्य, आणि आपण काही हुतात्मे नाही, सबब सही करावी. त्यामुळे त्याच्या जोडीला व्यवस्थेची बाजू मांडा. या खुनानंतर गाजलेल्या मागणीतून २०१४ मध्ये जागल्यांच्या (गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा कायदा संसदेत संमत झाला, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना रखडली. डॉक्टरांना परिषद आहे, वकिलांना १९६१ चा कायदा, वास्तुविशारदांना १९७२ चा, सनदी लेखापालांना १९४९ चा. गैरवर्तन केलं तर नोंदवहीतून नाव जातं. इंजिनिअरसाठी देशपातळीवर असा कायदा नाही. महापालिका आपापल्या हद्दीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला परवाना देतात, तेवढंच. यावर वर्गात वाद घडवा. परवाना असता तर "वरून सांगितलं होतं" म्हणणाऱ्याला "माझा परवाना जाईल" असं वर सांगता आलं असतं. नियम फक्त बेड्या घालत नाही, खालच्या माणसाला नकार द्यायला आधारही देतो.

घटना निवडताना परदेशी उदाहरणांचा मोह आवरा. चॅलेंजर यान आणि क्यूबेकचा पूल पुस्तकात आहेतच. पण तुमच्या मुलांच्या आजीने पानशेत पाहिलेलं असू शकतं. १२ जुलै १९६१ ला सकाळी धरण फुटलं, मग खाली खडकवासला फुटलं आणि निम्मं जुनं पुणं पाण्याखाली गेलं. मातीचं धरण, आउटलेटचं काम पुरं झालेलं नव्हतं, तरीही त्याच पावसाळ्यात पाणी साठलं. आदल्या रात्री जवानांनी खचत्या बांधावर वाळूची पोती रचून धरण काही तास धरून ठेवलं, म्हणून पाणी रात्री झोपलेल्या शहरावर न येता दिवसा आलं. चौकशीला आधी न्यायमूर्ती बावडेकर आयोग बसला, नंतर न्यायमूर्ती नाईक आयोग.

ही घटना शिकवताना दोषी कोण हा प्रश्न फार लवकर घेऊ नका. आधी एक लांब आडवी रेघ फळ्यावर मारा आणि मुलांना विचारा, की "यंदा पाणी अडवू नये" हे वाक्य कोण कोण, कधी कधी म्हणू शकलं असतं? मे महिन्यात साईटवरचा इंजिनिअर, जूनमध्ये अधीक्षक अभियंता, मंत्रालयातले सचिव, मंत्री. प्रत्येक टप्प्यावर ते वाक्य म्हणण्याची किंमत किती आणि न म्हणण्याची किती, हे रेघेवर लिहीत जा. मेमध्ये किंमत म्हणजे साहेबांची नाराजी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच वाक्याला काही किंमतच उरलेली नाही. तीन-चार तास या एका घटनेवर खर्च झाले तरी चालतील.

पानशेत लांबचं वाटत असेल तर मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल घ्या. १४ मार्च २०१९ ला संध्याकाळी गर्दीच्या वेळी त्याचा भाग कोसळला, माणसं गेली. त्याआधी झालेल्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये पूल किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. पुढे ऑडिटरला अटक झाली, महापालिकेचे अभियंतेही कारवाईत सापडले. इथे खटल्याचा निकाल वर्गात लावत बसू नका. ऑडिटचं काम कसं चालतं ते उलगडा. नुसत्या डोळ्यांनी पाहणी केली तर काय दिसतं, रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक (दोन्ही काँक्रीटच्या दर्जासाठी), हाफ-सेल (सळईच्या गंजासाठी) या चाचण्या केल्यावर काय कळतं, आणि त्याला खर्च किती येतो. मग मुलांना एक कोटेशन तयार करायला लावा. एका पुलाच्या ऑडिटला समजा सगळ्या चाचण्यांसकट अमुक खर्च येतो आणि निविदा त्याच्या तिसऱ्या हिश्शात गेली. घेणारा काय गाळणार? म्हणजे ऑडिटरची नैतिक कसोटी अहवालावर सही करताना लागत नाही, ती दर भरताना लागून गेलेली असते. आणि एवढ्या कमी दराची निविदा स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचीसुद्धा. हा हिशेब एकदा स्वतः मांडला की मुलं तो विसरत नाहीत.

आता थोडं अवघड बोलतो. तुमच्या या विषयाचा सगळ्यात मोठा शत्रू तुमच्याच इमारतीत आहे. आपल्याकडे पोरं पहिल्या वर्षी जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारायला शिकतात: काचेखाली ट्यूबलाईट, वर मित्राची शीट, त्यावर आपली. प्रयोगशाळेत क्यूब फोडायचं मशीन बंद असतं किंवा वीस जणांत एक क्यूब फुटतो, आणि जर्नलमध्ये मागच्या बॅचचे आकडे उतरतात. आकडा 'अपेक्षित' उत्तराच्या जवळ असेल तर सही, लांब असेल तर "पुन्हा करून आण". पुन्हा करून म्हणजे खाडाखोड करून, हे दोघांनाही ठाऊक असतं. मग समिती यायची वेळ होते. अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचे आपण २०१४ पासून पूर्ण सदस्य, त्यामुळे अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या एनबीएच्या प्रोग्राम आउटकम्सचा, म्हणजे पदवीधराला काय यायला हवं त्याचा, तक्ता आला. वर्षानुवर्षं चाललेल्या त्या बारा आउटकम्समध्ये सहावा समाजाबद्दलचा आणि आठवा चक्क नीतिमत्तेचा. तो आठवा किती 'अटेन' झाला याचा आकडा जमवण्यासाठी मागच्या तारखांच्या सभांचे वृत्तान्त लिहिले जातात, आणि ते टाईप करायला विद्यार्थ्यांनाच बसवतात! फेब्रुवारी २०२५ मध्ये तर महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच सीबीआयने लाचेच्या प्रकरणात पकडलं. मुलं हे सगळं बघत असतात. क्यूब रजिस्टर खोटं लिहायचं प्रशिक्षण त्यांना आपणच दिलेलं असतं, तेही चार वर्षं, फी घेऊन.

तुम्ही नव्या आहात, कॉलेज बदलायला निघू नका, निभणार नाही. पण तुमच्या हातातली एक गोष्ट आहे: तुमच्या प्रॅक्टिकलचे गुण. पहिल्याच दिवशी जाहीर करा की खरा आकडा, कितीही वेडावाकडा आला तरी, आणि तो तसा का आला याची दोन ओळींत कारणं, याला पूर्ण गुण. जुळणारा पण न केलेला आकडा, याला शून्य. जर्नलमध्ये खाडाखोड चालेल, व्हाईटनर नाही. चूक आडव्या रेघेने कापायची, शेजारी बरोबर आकडा आणि सही. साईटवरच्या मेजरमेंट बुकातही (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत) हाच नियम असतो, हेही सांगून टाका. हे एवढं सातत्याने एक वर्ष केलं तर सगळ्या व्याख्यानांपेक्षा जास्त काम होतं. विभागप्रमुख कुरकुरतील, कारण निकालाचे तक्ते थोडे खडबडीत दिसतील.

चोरलेल्या मजकुराबाबतही तेच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून मुलांनी वाङ्मयचौर्याचा अर्थ 'टक्के खाली आणणे' असा लावून घेतलाय. शब्द फिरवायचे, सॉफ्टवेअर फसवायचं. आता एआय आल्यापासून तेवढेही कष्ट नाहीत. मी टक्के विचारत नाही. प्रोजेक्ट रिपोर्टमधलं कुठलंही एक पान उघडून "हा आकडा कुठून आला, पायरीपायरीने दाखव" म्हणतो. पाच मिनिटांत कळतं.

सामाजिक जबाबदारीचं युनिट उरलं. एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) १९६९ पासून आहे, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर ही तिची चौकट चांगलीच आहे. पण आपल्या हातून तिचं होतं काय? गावात जाऊन झाडू मारायचा, रोपं लावायची, बॅनरसमोर फोटो काढायचा. गावकरी सौजन्याने चहा देतात. त्यात इंजिनिअर म्हणून मुलांनी काहीच केलेलं नसतं. आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्राने वेगळा रस्ता दाखवलाय: विद्यार्थ्याने गावात जाऊन पाणी, ऊर्जा, शेती यातल्या खऱ्या प्रश्नावर मोजमाप करायचं आणि तेच अभ्यासाचं काम धरायचं. तुम्हाला छोट्या प्रमाणात हे सहज जमेल.

जवळचं एक गाव घ्या जिथे नळपाणी योजना झालेली आहे. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. मुलांना वीस लिटरची बादली आणि मोबाईलमधलं घड्याळ एवढंच देऊन पाठवा. वाडीच्या शेवटच्या घरी बादली चार मिनिटांत भरते, पाणी चाळीस मिनिटं येतं, म्हणजे दोनशे लिटर. घरात पाच माणसं, म्हणजे माणशी चाळीस. कागदावर योजना पूर्ण, बिल अदा, आणि प्रत्यक्षात पंधरा लिटर कमी. टाकीजवळच्या घरी मोजलं तर भरपूर पाणी. मग पाईपचा व्यास, उतार, हेडलॉस (पाईपमध्ये घटत जाणारा दाब), वरच्या वाडीने बसवलेला पंप, सगळं हायड्रॉलिक्स जिवंत होतं. हे मोजायला जायचं ते पाणी येण्याच्या वेळी, पहाटे पाचला असेल तर पाचला. आणि माहिती घ्यायची ती पाणी भरणाऱ्या बाईकडून. सरपंचांच्या ओसरीवर बसून घ्यायची नाही.

अहवाल मराठीत लिहायला लावा, दोन पानांचा, आणि ग्रामसभेत उभं राहून वाचून दाखवायला लावा. मुलं इथे सगळ्यात जास्त घाबरतात. 'इन्सफिशियंट रेसिड्युअल हेड' त्यांना म्हणता येतं; "तुमच्या वाडीला पाणी का चढत नाही" हे एखाद्या मावशीला सांगता येत नाही. मावशी उलट विचारतात, "मग आता तू काय करणार बाळा?" या प्रश्नाला आपल्या पुस्तकांत उत्तर नाही, आणि मुलाला तिथे गप्प उभं राहावं लागणं हा माझ्या मते या विषयाचा सगळ्यात मोलाचा अर्धा मिनिट. एक पथ्य मात्र पाळा: आश्वासन द्यायचं नाही, आणि पुढच्या वर्षीची बॅच त्याच गावात न्यायची. दरवर्षी नवं गाव म्हणजे दरवर्षी नवे फोटो.

राहिलं नाही म्हणायला शिकवणं. हे खरंच सरावाचं काम आहे, तोंडाला वळण लागावं लागतं. एका मुलाला डेप्युटी करा, एकीला जेई (ज्युनिअर इंजिनिअर). डेप्युटी म्हणतो, "सळई तपासायला वेळ नाही, गाड्या आल्यात, सुरू कर." जेई मुलींची पहिली उत्तरं एकतर भांडणाची असतात किंवा शरणागतीची. मधली वाक्यं शिकवा. "साहेब, दहा मिनिटं द्या, बीम जंक्शन तेवढे बघते." "साहेब, साईट ऑर्डर बुकात तुमची सूचना लिहून ठेवते, म्हणजे गोंधळ नको." या दुसऱ्या वाक्याने किती साहेबांना अचानक वेळ मिळतो, ते मी स्वतः पाहिलंय. कुणावर आरोप नाही, आवाज चढलेला नाही, फक्त तोंडी हुकूम कागदावर आला. कधीकधी याचीही किंमत मोजावी लागते, बदली होते, वार्षिक अहवाल खराब होतो. ते लपवू नका. सहा महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम आधी बाजूला टाका, असंही मी मुलांना सांगतो. हप्त्यांत गळ्यापर्यंत बुडालेल्या माणसाला नकार परवडत नाही. हा सल्ला नीतिशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही, पण तुमच्या वर्गातली पहिल्या पिढीतली कमावणारी मुलं तो लिहून घेतील.

लेखी परीक्षेत 'नीतिमत्ता म्हणजे काय ते सांगून तिचे महत्त्व विशद करा' हा प्रश्न विद्यापीठाने टाकलाच तर तुमचा इलाज नाही. अंतर्गत गुण तुमच्याकडे आहेत, त्यात एक पान रजिस्टर द्या आणि शंका काढायला सांगा. तोंडीला बाहेरचा परीक्षक म्हणून एखादा निवृत्त कार्यकारी अभियंता बोलवा, शक्यतो गुणनियंत्रण विभागातला. मानधन कमी असतं, तरी ते येतात. त्यांच्याकडे बोलण्यासारखं बरंच साठलेलं असतं. आणि रजिस्टरची पानं मागायला जाल तेव्हा कंत्राटदाराकडे न जाता चाचणी प्रयोगशाळेत जा, तिथे फेल झालेले रिपोर्टही मिळतात.